बाजू पलटणारा हात

पाथरीत एकेकाळी नवी कॅसेट चालली की पडली, हे सटवाजीच्या उजव्या हातावरून ठरायचं. सटवाजी आणि मी सातवीपर्यंत एकाच बस्करावर बसलो, म्हणून इथं त्याच्याबद्दल एकेरीत लिहितो. तो मात्र मला नोकरी लागली त्या दिवसापासून गुरुजी म्हणतो आणि अहोजाहो करतो. कितीदा सांगून पाहिलं, ऐकत नाही.

शहाऐंशी साली त्यानं एसटी स्टँडसमोर, ईश्वरअप्पांच्या भांड्यांच्या दुकानाला लागून, आठ फूट रुंदीच्या गाळ्यात 'पंचशील कॅसेट सेंटर' टाकलं. सिनेमाची गाणी, भजनं, कव्वाल्या सगळं ठेवायचा. पण दुकानाची ओळख भीमगीतांची. जानेवारी सरला की मुंबईहून नव्या कॅसेटी निघू लागत. चौदा एप्रिलपर्यंत आठ-दहा तरी येत. परभणीचा ठोक व्यापारी पार्सल बांधून पाचच्या गाडीच्या कंडक्टरकडं देई. कुणीतरी परभणीत पोस्टर बघून आलेला असे आणि त्या एका माणसाच्या सांगण्यावरून गावभर खबर झालेली असे. मग संध्याकाळी स्टँडवर माणसं जमत. हमाल, पंचायत समितीतले कारकून, दवाखान्यातली नर्स, खुरपण उरकून विळा कमरेला तसाच खोचून आलेल्या बाया. सगळ्यांचे डोळे परभणीची गाडी येते त्या मानवतच्या रस्त्याकडं.

गाडीत पार्सल असलं तर ड्रायव्हर स्टँडात वळताना दोनदा हॉर्न वाजवी. एक हॉर्न कुणासाठीही असू शकतो. आडवी आलेली म्हैस, सायकलवाला, काहीही. त्यामुळं पहिला वाजला की माणसं श्वास धरून उभी राहत. दुसरा वाजला तर ओरडा, नाही वाजला तर सगळी मुकाट्यानं घरी. सटवाजी त्या वेळी काउंटरच्या आत दोन्ही हात घट्ट धरून बसलेला असे. पुढं एकदा मला म्हणाला होता, "गुरुजी, पार्सल आलं न्हाई तर वाईट वाटायचं. पन आलं की भ्या वाटायचं."

भ्यायचं कारण होतं. पार्सल फोडलं की पहिली कॅसेट डेकमध्ये जाई आणि पहिली बाजू सगळ्यांनी उभ्यानं ऐकायची, हा तिथला रिवाज. मधे कुणी बोलत नसे. बाजू संपली, खट्‌ आवाज झाला, की लोक डेककडं नाही, सटवाजीच्या उजव्या हाताकडं बघत. त्यानं कॅसेट काढून लगेच पलटून दुसरी बाजू लावली, तर कॅसेट चांगली. लोक खिशात हात घालत. आणि त्यानं ती फडक्यानं पुसून डबीत ठेवली, तर पडली. तोंडानं तो एक शब्द बोलत नसे. एकदा एक गायक स्वतः, कुणाला न सांगता, समोरच्या टपरीवर चहा पीत उभा होता. सटवाजीनं कॅसेट पुसली, डबीत ठेवली. तो माणूस अर्धा चहा तसाच ठेवून परभणीच्या गाडीत बसला.

सटवाजीचा हात एकदाही चुकला नाही, असं पाथरीत आजही सांगतात.

दोन हजार सातला दुकान बंद झालं. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. चारेकशे कॅसेटी आणि तो डेक सटवाजीनं घरी नेला आणि रोज दुपारी जेवण झालं की एक तरी कॅसेट ऐकायची, हा नेम त्यानं आजवर पाळला. नव्या गाण्यांबद्दल त्याची तक्रार एवढीच, की आता गाणं येतं तेव्हा स्टँडवर कुणी उभं नसतं.

त्याची नात साक्षी, त्याचा मुलगा धम्मानंद याची मुलगी, दहावीपर्यंत आजी-आजोबांजवळ वाढली. सध्या परभणीला एम.ए. करते. तिच्या आजी गीताबाई साठाव्या वर्षी पाटीवर सही शिकल्या. त्या वेळी साक्षी तिसरीत होती आणि सही शिकवणारी तीच होती. यंदा तिनं त्यावर गाणं लिहिलं, 'आजीच्या हाती पाटी आली, पाटीवर उजाडलं गं', आणि स्वतःच गायलं. परभणीत दत्ता नावाचा मुलगा एका खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून रेकॉर्डिंग करतो, त्याच्याकडं ते भरलं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला ते फोनवर सगळ्यांसाठी सोडायचं ठरवलं. तारीख तिनं दीड महिना आधीच जाहीर केली.

"आबा, लोकांनी वाट बघितली पायजे," ती म्हणाली. "तुमच्या स्टँडवर बघायचे तशी. पण आधी तुम्ही ऐका. तुम्ही बाजू पलटली तरच सोडीन."

फेब्रुवारीतली दुपार होती. सटवाजीच्या ओसरीवर मी होतो, ईश्वरअप्पा होते. अप्पांच्या कानात चार वर्षांपासून यंत्र आहे आणि त्यावरून सटवाजीनं त्यांना सोडलेलं नाही. साक्षीनं फोन वायरनं जुन्या अॅम्प्लिफायरला जोडला. आम्ही सगळे रिवाजाप्रमाणं उभे राहिलो. गाणं संपलं. साक्षी आजोबांच्या हाताकडं बघत होती. हात मांडीशीच राहिला, वर आलाच नाही.

"ढोलकी झ्याक हाय," सटवाजी म्हणाला. "पन आवाज मागं पडलाय. वल्लं पोतं टाकल्यावानी. शब्द उमलंनात."

"कायी तरीच काय सांगता सटवाजीराव!" अप्पा म्हणाले. "मला तर समदं कळालं. पाटी काय, उजाडलं काय."

"अप्पा, तुमी मशीननं ऐकता. मशीननं ऐकनाऱ्याचं काय खरं? उद्या तुमच्या कानात रेडिओचं टेशनबी लागंल."

सगळे हसले. अप्पाही हसले. मलाही शब्द न् शब्द कळला होता. पण कान सटवाजीचा होता. मी बोललो नाही. पुढं जे झालं त्यातला माझा वाटा एवढाच, पण तो मी विसरलेलो नाही.

साक्षीनं ते परत दत्ताकडं नेलं. दत्तानं आवाज वर काढला. पंधरा दिवसांनी तिनं पुन्हा ऐकवलं, तेव्हा मला तो कानात सुई घातल्यासारखा वाटला. गीताबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी पदर कानावर घेतला. सटवाजीनं मान हलवली.

"अजून दबलेलाच हाय."

साक्षी बराच वेळ वायर गुंडाळत बसली. "दत्ता म्हणतो, यापेक्षा वर काढला तर फाटंल," ती शेवटी म्हणाली. "मग माझ्या आवाजातच काय न्हाई का, आबा?"

"तसं मी म्हन्लं न्हाई."

"मग काय म्हणायलात?"

त्यानं अॅम्प्लिफायरचं बटण बंद केलं. ती चारच्या गाडीनं परभणीला गेली. तिला सोडून परत येताना सटवाजी रस्त्याच्या कडेनं इतका हळू चालत होता, की मागून आलेल्या जीपवाल्यानं हॉर्नवर हॉर्न दिले तरी तो बाजूला झाला नाही. मी दंड धरून ओढला. त्यानं आधी जीपकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते जीपचं भय नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी तो माझ्या दारात उभा. हातात शंभर पानी वही.

"गुरुजी, माझं श्रुतलेखन घ्या."

"कामून रे?"

"घ्या म्हन्लं की घ्या. तोंडापुढं पेपर धरा. मला तुमचे व्हट दिसू नाई पायजेत."

मी त्याला खिडकीजवळ बसवलं, चार पावलं मागं सरलो आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. दहा शब्द घातले. सवयीनं पहिले तीन आले ते बदक, नांगर, गवत. आमचे पहिलीचे मास्तर प्रत्येक श्रुतलेखन याच तीन शब्दांनी सुरू करायचे. मग पुढचे मी सुचतील तसे घातले. साखळी, खिसा, शिसं, फीत, असे. सटवाजी खाली मान घालून लिहीत होता. मधे मधे पेन्सिल थांबे. मला वाटलं, अक्षर आठवत असेल.

त्यानं वही पुढं केली. मी सवयीनंच लाल पेन घेतलं. बदक बरोबर, नांगर बरोबर, गवत बरोबर. चौथ्या शब्दापासून खाली एकही बरोबर नव्हता. 'शिसं'च्या जागी नुसती रेघ होती. पेन हातात धरून मी तसाच बसलो.

"मार्क टाका," तो म्हणाला.

मी 'दहापैकी तीन' लिहिलं आणि खाली सही केली. चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांवर केली, तशीच.

"ते तीन तरी ऐकू आले का," मी त्याच्या समोर येऊन विचारलं, "का आठवले?"

माझ्या तोंडाकडं बघत त्यानं वही मिटली. "चला घरी," एवढंच म्हणाला.

घरी त्यानं नव्वद सालची एक कॅसेट डेकमध्ये घातली. "ही मला साबूत ऐकू येती, गुरुजी. बारकं बारकं समदं. कोरसमधल्या बाईचा खोकला हाय, तोबी. मग नवं कामून न्हाई? मी डोळे मिटतो. मदीच आवाज कमी करा. कधी केला ते मी सांगतो."

गाणं सुरू झालं. त्याचे डोळे मिटलेले, ओठ हलके हलत होते. पहिलं कडवं होऊन दुसरं लागलं. मी बटण हळूहळू मागं फिरवलं, पार शून्यावर नेलं. खोलीत आवाज उरला नाही. बाहेर कुणीतरी बादलीत नळ सोडला होता, तेवढाच. सटवाजीचे ओठ हलत राहिले. एक ओळ झाली. दुसरी अर्धी झाली. मग भुवया जवळ आल्या आणि त्यानं डोळे उघडले. माझं बोट बटणावर होतं.

"कवा?" त्यानं विचारलं.

"दीड ओळ झाली."

तो भिंतीला टेकला. सत्तरी ओलांडलेला माणूस. पण त्या क्षणी त्याचं तोंड जत्रेत बापाचं बोट सुटलेल्या पोरासारखं झालं.

"म्हंजी गुरुजी, मी किती दिसापासून माझंच ऐकायलोय?"

जुनी गाणी त्याच्या डोक्यात भरलेली होती, तिथून ती वाजत होती. नव्या गाण्याला डोक्यात जागाच नव्हती. ते कानातूनच यावं लागतं आणि कानाचं दार बंद झालं होतं. ज्या माणसानं वीस वर्षं नव्याची वाट पाहिली, त्याला आता जुनं तेवढंच मिळणार होतं.

"परभणीला कानाच्या डॉक्टरकडं जाऊ," मी म्हणालो. "अप्पांसारखं यंत्र मिळेल."

"कुनाला सांगू नका. साक्षीला तर न्हाईच न्हाई."

"अरे, पोरगी स्वतःच्या आवाजावर संशय घेत बसलीय."

"ते कळतंय की मला!" तो एकदम ओरडला आणि लगेच आवाज खाली आणला. "पन हे कवापासून हाय, गुरुजी? तुमाला म्हाईत हाय? मला म्हाईत न्हाई. दुकानात अॅम्प्लिफायर कानाला लावून बसायचो मी. तवाच सुरू झालं आसंल तर? ती कॅसेट मी डबीत ठिवली, तो मानूस अर्धा च्या टाकून गेला. तवा माझे कान बरे हुते का?"

एक खोटा ठरला की मागचे सगळे फैसले उठून दारात येणार, असं त्याला दिसत होतं. कदाचित एकही चुकला नसेल. पण तपासणार कसं? तपासायला तोच एक कान होता.

पंधरवडाभर तो माझ्याकडं आला नाही. ओसरीवरचा डेकही बंद होता. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी मीच गेलो, तर गीताबाई फोन कानाला लावून अंगणात उभ्या. सटवाजी खाटेवर बसून बायकोच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. फोन ठेवून त्या त्याच्या समोर आल्या, अगदी तोंडासमोर, आणि एकेक शब्द सोडवून बोलल्या.

"साक्षीचा फोन हुता. उद्या गानं निकिताच्या आवाजात भरायलेत. हिचा आवाज काढून टाकायचा. निकिताचा आवाज जाड हाय, तो दबनार न्हाई म्हन्ती."

निकिता ही साक्षीची मैत्रीण. कॉलेजात दोघी मिळून गायच्या.

"तिच्याच आजीचं गानं," गीताबाई म्हणाल्या, "आन्‌ दुसरी गानार."

गीताबाई तशाच समोर उभ्या राहिल्या.

"आता तरी सांगा तिला."

"काय सांगू?"

"मला यडी समजता का? दोन वर्सं झाली, मी तुमच्या म्होरं येऊनच बोलायलेय. पाठीमागनं हाक मारायची सोडली मी. ते काय उगं?"

सटवाजीनं बायकोकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उजवा हात त्यानं खाटेच्या दोरीतून सोडवला. उठला, आत गेला आणि ती शंभर पानी वही पिशवीत घालून बाहेर आला.

"गुरुजी, उद्या सकाळच्या गाडीनं. येता न्हवं?"

शनिवारी मानवत मागं पडलं तरी सटवाजी खिडकीबाहेरच बघत होता. मग म्हणाला, "ती काय म्हनंल?" मी म्हणालो, समजून घेईल. "त्याचं भ्या न्हाई," तो म्हणाला. "ती म्हनंल, काय हुत न्हाई आबा. लहान पोराला म्हन्ल्यावानी. त्याचं भ्या हाय." पुढं पेडगाव गेलं, परभणीची पहिली गोदामं दिसू लागली. त्यानं पिशवी छातीशी धरली होती.

दत्ताच्या खोलीत पंखा बंद होता. आवाज येतो म्हणून. निकिता कानाला हेडफोन लावून माईकपुढं उभी होती. साक्षी बाहेरच्या खुर्चीवर, हातात स्वतः लिहिलेला कागद. आम्हाला बघून ती उठली.

"आबा! कशाला आलात एवढ्या उन्हात? मी पाठवणारच होते नवं."

"पयलं लाव," सटवाजी दत्ताला म्हणाला. "आगदी पयलं. फेब्रुवारीतलं."

दत्तानं साक्षीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. गाणं लागलं. साक्षीचा आवाज त्या छोट्या खोलीत स्वच्छ पसरला, कुठंही न ओढता, न कापता. सटवाजी स्पीकरच्या पेटीवर तळहात टेकून उभा होता. गाणं संपलं. सगळे त्याच्या हाताकडं बघत होते. निकितासुद्धा.

तो हात पिशवीत गेला. वही निघाली. त्यानं ते पान उघडून साक्षीच्या हातात दिलं.

"हे काय?"

"श्रुतलेखन. गुरुजींनी तपासलंय."

तिनं वाचलं. लाल अक्षरातलं 'दहापैकी तीन' वाचलं, माझी सही पाहिली. शब्दांवरून बोट फिरवत खाली गेली. त्या रेघेपाशी बोट थांबलं.

"म्हणजे आबा," ती हळू म्हणाली, मग आठवून, त्याच्या समोर येऊन, मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझं गाणं ऐकलंच न्हाई?"

"न्हाई, बाई."

"दोन्ही बारीला?"

"दोन्ही बारीला."

ती रडेल असं मला वाटलं. ती चिडली. "आन्‌ मी महिनाभर आरशापुढं तोंड उघडून बघायलेय, माझ्या गळ्यात काय बिघडलंय म्हणून! एकदा सांगता आलं न्हाई तुम्हाला?"

"न्हाई आलं," सटवाजी म्हणाला. "लय भ्यालो."

निकितानं हेडफोन काढून ठेवले. "मी पयल्या दिवसापासून सांगायलेय हिला, तुझाच ठेव म्हणून," ती दत्ताला म्हणाली. "पण आबा म्हणजे काय, सुप्रीम कोर्ट!" दत्ता हसला. सटवाजीला ते ऐकू गेलं नाही, पण त्यानं हसणं पाहिलं आणि तोही घाबरत घाबरत हसला. मी साक्षीला जुन्या कॅसेटचा प्रयोग सांगितला. ऐकताना तिनं वही मिटली नाही. पुढचं कोरं पान काढलं आणि गाणं त्यावर लिहायला सुरुवात केली, ठळक, ओळीखाली ओळ.

"अजून आठ दिवस हायेत," ती म्हणाली. "पाठ करा."

ही युक्ती तिला मी सांगितलेल्या जुन्या कॅसेटच्या प्रयोगावरून सुचली. येताना ती आमच्याबरोबर पाथरीला आली. आठवडाभर रोज सकाळी खाटेवर त्याच्या समोर बसून एकेक ओळ गायची, त्यानं ओठ बघायचे, मग त्यानं म्हणायची. गीताबाई चहा ठेवताना म्हणत, "माझ्या पाटीच्या येळी हीच मास्तरीन हुती. आता तुमची बारी." सटवाजीला चाल धरायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, "गुरुजी, आतमधे वाजायला लागलंय." पण म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. "पन ही चाल तिची हाय का माझी, ते कुनाला इचारू?"

रविवारी साडेनऊलाच जुन्या दुकानापुढं तीस-चाळीस माणसं जमली. साक्षीनं तारीख जाहीर केली होती, ती खबर फिरली होती. पांढऱ्या केसांची बरीच तोंडं ओळखीची होती. त्यातले काहीजण एकेकाळी दुसऱ्या हॉर्नची वाट बघत इथंच उभे असायचे. मोबाईलच्या दुकानदारानं मोठा स्पीकर बाहेर ठेवला. ईश्वरअप्पा यंत्र पुसून, नवा सेल घालून आले. "आज माझं टेशन बरोबर लागलंय, सटवाजीराव." सटवाजीनं त्यांचे दोन्ही हात धरले. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. अप्पांनी मात्र त्याच्या पाठीवर थाप मारली.

दहा वाजले. सगळे उभे राहिले. सटवाजीनं डोळे मिटले.

पहिलं कडवं झालं. त्याचे ओठ गाण्याबरोबर बरोबर चालले होते, ओळीला ओळ. साक्षी माझ्या शेजारी उभी होती, तिचा जीव त्या ओठांत होता. दुसरं कडवं झालं. आणि मग ढोलकीचा एक लांब तुकडा लागला. दत्तानं तो आदल्याच दिवशी, शनिवारी जोडला होता. फोनवर ऐकून तिलाही आवडला होता. आबांना सांगायचं तिच्या लक्षातून गेलं होतं.

ढोलकी सटवाजीला ऐकू येतच होती. तिच्यावर त्यानं तिसरं कडवं सुरू केलं. स्पीकरमधून नुसती ढोलकी वाजत होती आणि त्याचे ओठ गात होते. ढोलकी संपून साक्षीचा आवाज तिसऱ्या कडव्यावर आला तेव्हा त्याचं गाणं संपलं होतं. त्यानं डोळे उघडले, उजवा हात वर उचलला आणि सगळ्यांदेखत सावकाश पालथा केला.

"पलटला!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत साक्षीचं शेवटचं कडवं, आजी सही करते ते, कुणालाच ऐकू गेलं नाही. साक्षीनं माझा हात घट्ट धरला होता. तिनं सगळं पाहिलं होतं. गर्दीतून वाट काढत ती आजोबांसमोर गेली, आणि तो बघत होता म्हणून हसली.

त्या दिवशी ते गाणं लोकांनी पुन्हा पुन्हा वाजवलं. ढोलकीच्या तुकड्याचं आम्ही दोघांनीही त्याला सांगितलं नाही. पण संध्याकाळी तो माझ्याकडं आला आणि पायरीवर बसला.

"लोक टाळ्या वाजवत हुते तवा स्पीकरचा पत्रा हालत हुता," तो म्हणाला. "मी हात लावून बघितला. गानं चालू हुतं न्हवं?"

मी हो म्हणून मान हलवली. खोटं बोलावंसं वाटलं. पण एकदा गप्प राहून मी काय केलं होतं ते मला आठवत होतं.

"किती राहिलं हुतं?"

"एक कडवं."

अंधार पडायला लागला होता. स्टँडावर मुक्कामाची गाडी शिरत होती. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला. सटवाजीची मान वळली नाही.

"मंगळवारी डॉक्टरचा नंबर लावलाय साक्षीनं," तो म्हणाला. "मशीन लावल्यावर हेच गानं निघालं न्हाई तर, गुरुजी? आठ दिस पाठ केलंय मी. ते दुसरंच निघालं तर?"

"निघू शकतं," मी म्हणालो.

तो माझ्या ओठांकडं बघत होता, त्याला कळलं. तो उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं दाबत बसला, काउंटरच्या आत बसायचा तसा.

"पार्सल फोडतानाबी असंच व्हायचं," तो शेवटी म्हणाला. "साडेआठच्या गाडीनं जाऊ. तुमी संगं ऱ्हावा."